सरकार बोलतायत

१

समोरच्या सुताराची करवत बंद पडली, तो हात झटकत जेवायला गेला, की कानवाल्यांच्या घरात कामाला सुरुवात व्हायची. गल्लीत त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. शेजारच्या बंद घरात नळ गळतोय हे जो माणूस रस्त्यावर उभा राहून सांगतो, त्याला दुसरं काय म्हणणार? धंदा आवाज मुद्रित करण्याचा. घराच्या मागच्या दोन खोल्या त्यासाठीच राखलेल्या. आतली खोली वाचणाऱ्याची. तिथे भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, एक टेबल, एक खुर्ची आणि माइक. बाहेरची खोली कानवाल्यांची आणि त्यांच्या यंत्रांची. मध्ये जाड दुहेरी काच.

आत वाचायला बसायची ती त्यांची एकुलती एक लेक. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, मुलांच्या गोष्टी, काय म्हणाल ते ती वाचायची, आणि प्रकाशक ते ऐकायची पुस्तकं म्हणून विकायचे. घरात तिला सगळे 'सरकार' म्हणत. ते का, हे पुढे येईलच. पण त्या नावात बापाचं कौतुक भरभरून होतं, एवढं आत्ताच सांगून ठेवायला हरकत नाही.

आता बाकीचे वाचणारे म्हणजे काय ताप असतो, हे कानवाल्यांना विचारावं. कुणी आवंढे गिळतं, कुणाचे ओठ चिकटतात, कुणाचं पोट ऐन रंगात आलेल्या प्रसंगात गुरगुरतं. आणि श्वास! वाक्यावाक्याला माणूस श्वास घेतो, आणि तो सगळा नंतर बसून कापावा लागतो. सरकारच्या वाचनात कापायला काही नसायचंच. एकदा वाचलं की झालं.

"हिचा श्वाससुद्धा कापावा लागत नाही मला," कानवाले येईल त्याला सांगत. सुताराला तर त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की त्यांनी तोंड उघडलं की तोच म्हणायचा, "श्वास ना? माहितीये."

"जरा दमानं घ्या," बायको म्हणायची. "स्वतःच्याच पोरीला स्वतःच दृष्ट लावाल."

"लागू दे. एवढी गुणी पोर आहे, थोडी दृष्ट पचवेल ती."

प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला सरकार पुस्तकाचं नाव सांगायची, लेखकाचं सांगायची, आणि मग 'वाचन' म्हणून स्वतःचं. शेवटी, सगळं झाल्यावर, थोडा वेळ काही न बोलता नुसती बसून राहायची. हे त्या धंद्यातलं एक कामच असतं. खोलीची शांतता मुद्रित करून ठेवायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि कुठे काही कापलंच तर ते भोक बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते. शिवाय वाचणाऱ्यानं खुर्चीत बसलेलंच असावं लागतं, कारण रिकामी खोली वेगळी वाटते आणि माणूस आत असलेली खोली वेगळी.

मग कानवाले बटण दाबून काचेपलीकडे बोलत, "शाब्बास, सरकार! ओके." आणि ती हसायची. रोजची दुपार ही अशी.

२

झालं ते एका अगदी साध्या कारणानं. एका प्रकाशकाला जुन्या पुस्तकाची नवी सुरुवात हवी होती. कानवाल्यांनी लेकीकडून त्या ओळी पुन्हा म्हणून घेतल्या आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर जुन्या ओळींखाली नव्या ओळी ठेवल्या. आवाजाच्या लाटा पडद्यावर दिसतात, उंच-बुटक्या रेघांसारख्या. पुस्तकाच्या नावाच्या लाटा वरखाली थोड्या वेगळ्या होत्या. तसंच असतं, कुठलाच माणूस एक शब्द दोनदा सारखा उच्चारत नाही.

लेकीच्या नावाच्या लाटा मात्र तंतोतंत सारख्या होत्या.

'चुकून जुनंच चिकटवलं वाटतं,' ते स्वतःशी म्हणाले. तपासलं, तर तसं काही नव्हतं. मग त्यांनी त्याआधीचं एक पुस्तक उघडलं. त्याच्या आधीचं. मध्ये एकदा तिला चांगली सर्दी झाली होती, नाक गच्च, ते पुस्तक उघडलं. बाकीच्या ओळींत सर्दी होती. नावात नव्हती.

"सरकार, जरा या इकडे. नाव पुन्हा सांगायचंय."

ती आली, खुर्चीत बसली, नाव म्हणाली. तेच. "जरा हळू म्हण." तिनं मान डोलावली आणि म्हणाली. तेच. "आता हसत म्हण बरं." ती हसली, नाव म्हणाली, पुन्हा हसली. दोन हसण्यांच्या मध्ये नाव तेच, जसंच्या तसं.

"काय झालं बाबा? बरोबर येत नाहीये का?"

"येतंय की! फारच बरोबर येतंय," ते म्हणाले.

आवाजाच्या धंद्यात एक युक्ती असते. दोन आवाज घ्यायचे, त्यातला एक उलटा करायचा आणि दोन्ही एकदम वाजवायचे. दोघांत जे सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकतं, आणि उरतो फक्त फरक. लेक आत जेवायला गेल्यावर त्यांनी जुनं नाव आणि नवं नाव असं एकमेकांवर घातलं. कानांवर हेडफोन चढवले.

नाव नाहीसं झालं. पुसून टाकल्यासारखं. अपेक्षा होती ती फक्त खोलीच्या मंद सूं आवाजाची, आणि तो होताही. पण त्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. त्यांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला.

कुणीतरी अगदी बारीक, दाबलेल्या आवाजात त्या नावाचं पहिलं अक्षर म्हणत होतं. पुन्हा पुन्हा तेच अक्षर. पुढचं येत नव्हतं.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. समोर करवत सुरू झाली होती. 'करवतच असणार,' त्यांनी मनाला बजावलं. पण गल्लीत ज्यांना कानवाले म्हणतात, त्यांना करवत आणि लहान मूल यातला फरक कळत नाही, हे त्यांचं त्यांनाच पटेना.

३

सरकार लहानपणी अडखळायची. अडखळायची म्हणजे थोडंथोडकं नाही, शब्दाच्या उंबऱ्यावर पाय अडकल्यासारखी उभीच राहायची. मान वाकडी व्हायची, डोळे मिटायचे, आणि हातात बापाची करंगळी गच्च धरलेली असायची. शब्द बाहेर पडला की मगच करंगळी सुटायची.

त्या वेळी घरात एक नियम होता. पोरीचा शब्द कुणी पुरा करायचा नाही. पाहुणा असो, मास्तर असो, गडबडीतला सुतार असो, कुणी मदतीला म्हणून तोंड उघडलं की कानवाले हात वर करायचे. "थांबा. सरकार बोलतायत." मग सगळ्यांनी गुपचूप उभं राहायचं. दारात दूधवाला ताटकळायचा, चुलीवर दूध उतू जायचं, पण सरकारचं वाक्य सरकारच संपवायची. संपलं की बाप असा काही ताठ मानेनं चारी बाजूंना बघायचा, की जणू भाषण झालंय.

आणि असा हा बाप एकदा चुकला. मत्सरानं नाही, लाजेनं तर मुळीच नाही. अभिमानानंच चुकला.

शाळेनं कवितेची स्पर्धा ठेवली होती. मुलांनी आधी आपलं नाव सांगायचं, मग कविता म्हणायची, आणि टेप शाळेत द्यायची. पोरीनं होडीची एक कविता म्हटली, अडखळत अडखळत, पण काय गोड! ती झोपल्यावर कानवाले टेप ऐकत बसले. त्यांना वाटलं, हा आवाज लोकांनी ऐकावा, मधले खाचखळगे ऐकून कुणी हसू नये. त्या काळी टेप ब्लेडनं कापायची आणि मागून चिकटपट्टी लावून जोडायची. त्यांनी एकेक अडखळ कापली. एकेक कोंडलेला श्वास कापला. कविता पाण्यासारखी वाहायला लागली.

राहिलं नाव. नाव तिला त्या दिवशी पुरं म्हणताच आलं नव्हतं. पहिल्या अक्षरावर अडून अडून शेवटी ती तशीच कवितेकडे वळली होती. मग त्यांनी पहिलं अक्षर एका कडव्यातून उचललं, मधलं दुसऱ्यातून, शेवटचं होडीच्या शेवटच्या ओळीतून. जोडलं. मधलं अक्षर थोडं चढ्या सुरात लागलं होतं, पण ते ऐकू येईल असा कान त्या शाळेत कुणाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती टेप मोठ्या हौसेनं लेकीला ऐकवली. "बघ, सरकार कशा बोलतायत!" ती यंत्रापुढे बसली, फिरणारी चाकं बघत राहिली, आणि पुन्हा लावायची खूण केली. पुन्हा. आणि पुन्हा. त्यानंतर ती शाळेत गेली, हजेरीला उभी राहिली आणि एका दमात नाव सांगितलं.

सगळीकडे आनंदीआनंद झाला. मास्तर घरी येऊन गेले. कानवाल्यांचे डोळे भरून आले होते. बायको तेवढी म्हणाली, "अहो, ती तुमचं बोट धरत नाही आता." त्यावर ते म्हणाले होते, "अगं, गरज काय आता बोट धरायची?"

कापलेले तुकडे त्यांनी टेबलाखाली सारले होते, ते नंतर झाडताना गेले असावेत. एवढी वर्षं त्यांना त्याची आठवणही नव्हती. आता मात्र त्यांना आठवलं, की नव्या नावातही मधलं अक्षर तसंच थोडं चढं लागतं. सर्दीत, हसण्यात, हळू म्हटलं तरी.

४

"सरकार, लहानपणी तू बोलताना अडायचीस, आठवतं?" त्यांनी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी?" ती हसली. "काहीतरीच काय बाबा!"

"अगं, खूप अडायचीस. माझं बोट धरून बोलायचीस."

"मला नाही आठवत." तिनं थोडा विचार केला. "मला सगळ्यात आधीचं आठवतं ते म्हणजे तुमच्या यंत्राची फिरणारी चाकं. त्याच्या आधीचं काहीच नाही."

बायकोच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. लेक पाणी आणायला उठली तशी ती खालच्या आवाजात म्हणाली, "विचारू नका तिला."

"तुला माहीत होतं?"

"काय माहीत असणार मला? मला यंत्रातलं कळत नाही. पण मी आई आहे. तेव्हापासून पोर कधी झोपेत बरळली नाही. कधी रडताना शब्द गिळला नाही. भांडते तेसुद्धा छापल्यासारखी. मी आपलं म्हणत आले, गुणाची आहे, गुणाची आहे." तिनं डोळे पुसले. "गुणाचीच आहे हो. आपलीच आहे ती. काही बोलू नका तिला."

"आपलीच आहे," कानवाले म्हणाले. त्याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण मग तळाशी जी अडून बसली होती, ती कुणाची? तीही आपलीच. ती बोलत होती, आणि बापानं हात वर केला नव्हता. कुणालाच थांबा म्हटलं नव्हतं. त्यांनी ताट बाजूला सारलं. आपला नेम आपणच मोडला होता, आणि वर छाती फुगवून गल्लीभर मिरवलं होतं.

आणि दुसरीही भीती होती. त्या पोरीला बोलू दिलं, तर या पोरीचं काय होईल?

५

त्यांनी दोन दिवस काढले. नाव पुसल्यावर उरलेल्या शांततेत ती पोर होती, म्हणजे त्या खोलीच्या शांततेतच तिला गाठायला हवं, असं त्यांनी ठरवलं. तिसऱ्या दिवशी सुतार जेवायला गेला तसं त्यांनी लेकीला यंत्राजवळ बसवलं. "आज उलटं. मी आत बसतो, तू मुद्रण कर. फक्त शांतता घ्यायची आहे."

"तुमची शांतता?" ती हसत म्हणाली. "ती कशाला? घरात आम्हाला ती कधी ऐकायला मिळते!"

ते आत गेले. दार लावलं, तसा बाहेरचा सगळा आवाज गेला. आत बसण्याची त्यांना सवय नव्हती. गाद्यांच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. स्वतःच्या रक्ताचा आवाज कानात आला. त्यांनी हेडफोन चढवले आणि काचेपलीकडे मान हलवली. लेकीनं बटण दाबलं.

आधी नुसती खोली होती. मग, अगदी जवळून, ते अक्षर आलं.

"थांबा," कानवाले म्हणाले. आत दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांचा हात आपोआप वर गेला. "सरकार बोलतायत."

अक्षर पुन्हा आलं. पुन्हा. कोंडलेला श्वास, जीभ टाळूला चिकटल्याचा आवाज, आणि पुन्हा तेच अक्षर. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं कापलेलं होतं, एकेक तुकडा त्यांना ओळखू येत होता. पुढचं अक्षर त्यांच्या ओठांवर आलं होतं. म्हणावं, पुरं करून टाकावं, सोडवावं बिचारीला एकदाचं! बापाच्या जिवाला दुसरं काय सुचणार? त्यांनी ओठ घट्ट मिटले.

तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची करंगळी कुणीतरी धरली.

पकड लहान होती आणि गच्च. त्यांनी खाली बघितलं नाही, बघायचं धाडस झालं नाही. समोर बघितलं. काचेत त्यांचं स्वतःचं अंधुक प्रतिबिंब होतं, आणि त्याच्या शेजारी, खुर्चीच्या हाताइतक्या उंचीवर, एक वाकडी झालेली मान. दोन वेण्या. एकीची रिबीन सुटलेली. कवितेची टेप केली त्या दिवशी बायको म्हणाली होती, राहू दे, टेपमध्ये कुठे रिबीन दिसतेय!

"सावकाश," ते कुजबुजले. "मी कुठं जात नाही. कितीही वेळ घे."

आणि मग दुसरं अक्षर आलं. तिसरं आलं. नाव पुरं झालं, वेडंवाकडं, धापा टाकत, पण पुरं. करंगळी सुटली.

कानवाल्यांना रडू कोसळलं. एवढा अभिमान त्यांना आयुष्यात कधी वाटला नव्हता. डोळे पुसून त्यांनी काचेपलीकडे बघितलं, तर लेक उभी राहिली होती. तिचा हात गळ्यावर होता आणि तोंड उघडं होतं. ते धडपडत दार उघडून बाहेर आले.

"काय झालं? सरकार, काय होतंय?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मान वाकडी झाली, डोळे मिटले. तिचा हात हवेत चाचपडला, आणि त्यांची करंगळी सापडल्यावर घट्ट मिटला.

"बा... बा... बाबा," ती म्हणाली. मग एक मोठा, फाटका श्वास घेतला. "कि... कि... किती वेळ लावलात तुम्ही."

६

प्रकाशकाचा फोन आला तो नवं पुस्तक ऐकून. "काका, तब्येत बरी नाही का तिची? नाव सांगतानाच किती वेळ... तेवढं जरा कापून साफ करून द्या ना."

"नाही कापणार," कानवाले म्हणाले.

"अहो, पण ऐकणारे..."

"ऐकणारे थांबतील. आम्ही नाही थांबत?"

प्रकाशकानं पुढची दोन पुस्तकं दुसऱ्या कुणाला दिली. एका बाईंनी मात्र कळवलं, की त्यांचा मुलगाही असाच बोलतो, आणि हे पुस्तक तो उशाशी घेऊन झोपतो. ते कानवाल्यांनी आधी सुताराला सांगितलं, मग दूधवाल्याला, मग पुन्हा सुताराला. सुतार आता सावकाश जेवून यायचा. सरकारला वाचायला वेळ लागतो हे त्याला कुणी सांगायची गरज पडली नव्हती.

त्यांनी लेकीनं आता दोनदा सांगितलेल्या नावाच्या लाटा एकाखाली एक ठेवून बघितल्या. कुठंच जुळत नव्हत्या. एक लांब, एक आखूड, एकीत मध्येच हसू. किती सुंदर दिसत होत्या! बायकोला बोलावून दाखवल्या. तिला यंत्रातलं कळत नव्हतं, तरी ती पदर तोंडाला लावून बराच वेळ बघत राहिली.

पुढच्या एका पुस्तकाचं सगळं झालं, फक्त शांतता मुद्रित करायची राहिली होती. लेक आईबरोबर बाहेर गेली होती. कानवाल्यांनी विचार केला, तोवर नुसत्या रिकाम्या खोलीची घेऊन ठेवू, ती आली की तिला बसवून पुन्हा घेऊ. त्यांनी हेडफोन चढवले आणि बटण दाबलं.

काचेपलीकडे खुर्ची रिकामी होती.

कानात त्यांच्या लेकीचं नाव आलं. स्वच्छ, एका दमात, मधलं अक्षर किंचित चढं. मग थोडी शांतता. मग पुन्हा तेच नाव. पुन्हा शांतता. मागे श्वास नाही, पुढे श्वास नाही. म्हणायचं आणि थांबायचं, कुणीतरी 'झालं' म्हणेल म्हणून. तिला आता दुसरं काही येतच नव्हतं. जेवढं त्यांनी जोडून दिलं होतं, तेवढंच तिच्याजवळ उरलं होतं.

पाय दाराकडे वळले. दिवा बंद करावा, तार ओढावी, खोलीला कुलूप घालावं, असं सगळं एकदम मनात येऊन गेलं. पण ते गेले नाहीत. एवढी वर्षं दुपारी दुपारी त्या खुर्चीत बसून हिनंच पुस्तकं वाचली होती. जेवताना हसली होती. बाबा, बरोबर येत नाहीये का, असं हिनंच विचारलं होतं. एकही चूक न करता ती या घरात वाढली, कारण बापाला तसं आवडतं असं तिला वाटलं होतं. तिला बोट धरायचंसुद्धा कुणी शिकवलं नव्हतं.

कानवाले परत यंत्रासमोरच्या आपल्या खुर्चीत बसले. त्यांनी रिकाम्या खोलीत बोलायचं बटण दाबलं.

"शाब्बास, सरकार," ते म्हणाले. "ओके. आता विसावा घे, बाळा. चुकलीस तरी चालेल."

नाव पुन्हा आलं नाही. बराच वेळ काहीच आलं नाही. मग काचेपलीकडून, माइकच्या अगदी जवळून, कुणीतरी पहिल्यांदाच एक लांब श्वास घेतला.

तो कानवाल्यांनी कापला नाही.